वाटीतलं जांभळं पाणी

भांडुपच्या आमच्या चाळीच्या पटांगणात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. शरच्चंद्र महाराजांसमोर नऊ सुना ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे पाण्याची स्टीलची वाटी. त्यात हात बुडवायचे, मग महाराज चमचाभर ‘तीर्थ’ आणि दोन निळे थेंब टाकणार.

“निळं राहिलं तर घर निर्मळ! जांभळं झालं तर करणी! मी बोलत नाही माऊली, पाणी बोलतं!”

आठ वाट्या फिकट निळ्या राहिल्या. नववी जांभळी झाली. ती माझ्या सुनेची, अक्षताची.

याच पटांगणात गिरणीच्या संपात आम्ही बायका एका चुलीवर भाकऱ्या भाजायचो. कुणाच्या डब्यात पीठ नाही हे न सांगता कळायचं. आणि तिथेच, चारचौघांत, मी म्हणाले, “हिच्या पोटी दोनदा राहिलेलं टिकलं नाही ते उगीच नाही. हिला माहेरी धाडा.”

“आई, वेडी झालीस काय?” सिद्धेश, माझा मुलगा, ओरडला.

अक्षताने पदराला हात पुसले आणि बॅग भरून ती दहिसरला, माहेरी गेली.

संध्याकाळी शेजारची दर्शना आली. तिने शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं नोकरी केलेली.

“शकु, ती वाटी हुंगलीस?”

“कशाला हुंगू?”

“अंड्याचा वास होता गं! आणि म्हणे शुद्ध शाकाहारी महाराज!”

तिने माझ्याच ओट्यावर दोन वाट्या मांडल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत अंड्याचा पांढरा बलक फेटून घातलेलं. दोन्हींत चुन्याची निवळी, म्हणजे महाराजांचं ‘तीर्थ’, मग मोरचुदाचे निळे थेंब. दुसरी जांभळी झाली.

“अंड्यात प्रोटीन असतं,” ती म्हणाली. “प्रोटीन म्हणजे लांब साखळी. तिच्यात एकाच घडणीची जोडणी पुन्हा पुन्हा येते. मोरचुदातलं तांबं निवळीत त्या जोडण्यांना घट्ट धरतं, आणि पाणी जांभळं दिसतं. डाळीच्या पाण्यातसुद्धा होईल. करणीबिरणी काय नाय.”

रविवारी महाराज पुन्हा आले. दर्शनाने आपल्या घरची वाटी पुढे केली. “महाराज, आज आधी तुमचे हात बुडवा.”

गर्दीपुढे नाही कसं म्हणणार? पाणी जांभळं झालं.

“अरे, महाराजांवरच करणी!” कुणीतरी ओरडलं, आणि पटांगण हसत सुटलं. दर्शनाने बलकाची बाटली वर धरून सगळं समजावलं. वाट्या मांडणारी चंपा, महाराजांची सेविका, थैली उचलून पळाली.

मी हसले नाही. सुनांच्या वाट्या मांडल्या त्याच्या आदल्याच आठवड्यात ही चंपा माझ्याकडे चहा प्यायली होती. अक्षताच्या दोन गर्भपातांचं मीच तिला रडत रडत सांगितलं होतं. बलक कुठल्या वाटीला लावायचा, हे तिला माझ्याच तोंडून कळलं.

दुसऱ्या दिवशी दहिसरला गेले. अक्षताने दार उघडलं, मला खुर्ची दिली.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“आई, दोन बाळं माझी गेली. तुम्ही वाटीला विचारलंत. मला कधी विचारलंत, तुला काय होतंय म्हणून?”

ती अजून परतलेली नाही.

माझ्यासारख्या सासवांनो, पाण्याचा रंग बदलला तर त्यात काय घातलं ते विचारा. सुनेचं दुखणं डॉक्टरांना दाखवा. आणि त्याही आधी तिच्याजवळ बसा. मी बसले नाही.