गोदीचा तांब्या

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर घाई करू नका. आधी माझ्या गळ्याखाली बोट फिरवा. बारीक ठिपक्यांनी कोरलेली दोन अक्षरे बोटाला लागतील. त्या दोन अक्षरांनी कुरुळी गावात केवढा गोंधळ उडवून दिला, ते मला तुम्हाला सांगायचे आहे. मी कोण? मी एक जुना तांब्या. पितळेचे तांबे घरोघर असतात. मी मात्र तांब्याचाच तांब्या आहे. याचा मला थोडा तोरा आहे, तो तुम्ही पोटात घाला.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. तिथे दिवसभर हातोड्यांचा एवढा आवाज चाले की शेजारी काय बोलतो ते कळत नसे. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत. पुढे मी चाकणच्या बाजारात एका कासाराच्या दुकानात येऊन बसलो. शके १८२० चा माघ महिना होता, म्हणजे साठेक वर्षे झाली.

चिखलीहून मालोजी नावाचे शेतकरी आले. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचे लग्न ठरले होते. त्यांनी मला चारी बाजूंनी निरखले, कानाजवळ धरून टिचकी मारली आणि पसंत केले. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावे घालणारा कारागीर बसला होता. त्याने विचारले, "कुणाचं नाव घालू? जावयाचं?"

"लेकीचं. गोदी."

"अहो, सासरी गेली की तिचं नाव बदलणार. मग या नावाचा उपयोग काय?"

"बदलणार हाय म्हनून तर घालायचं," मालोजी म्हणाले.

हे उत्तर मला तेव्हा कळले नाही. कारागिराने छिन्नी घेतली आणि ठक्ठक् करत माझ्यावर 'गोदी' घातले, खाली शक घातला. शेवटची वेलांटी पुरी होता होता शेजारच्या दुकानात घमेल्यांची चळत कोसळली. कारागीर दचकला आणि वेलांटीच्या शेंड्यावर एक आडवी रेघ उमटली. "राख लावून घासत राहा, जाईल हळूहळू," तो म्हणाला. ती रेघ काही गेली नाही.

गोदी नऊ वर्षांची होती. वाचायला तिला येत नव्हते आणि तिच्या वडिलांनाही येत नव्हते. पण मालोजींनी तिचे बोट धरून माझ्या गळ्याखाली फिरवले. "ही दोन अक्षरं तुजी," ते म्हणाले. मग काय! बोळवण होईपर्यंत त्या पोरीने चुलीपुढची राख पसरून हजार वेळा ती दोन अक्षरे काढली असतील.

लग्नात कुरुळीच्या रंगरावांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचे नवे नाव लिहिले. मंजुळा. नवे नाव तांदळावर, जुने नाव तांब्यावर. त्या तांदळाचा पुढे भात झाला असेल, असे मला उगाच वाटत आले आहे. त्या दिवसापासून गोदीला कोणी गोदी म्हटले नाही. ती मंजुळा झाली, मग मंजुळावहिनी, मग मंजुळाबाई. फक्त मला भरताना, जवळ कोणी नसले, की तिचा अंगठा माझ्या गळ्याखाली हळूच फिरून येई.

दहा वर्षे अशी गेली. मग मारुतीच्या देवळासाठी भांडी जमवायचे ठरले. रंगरावांनी मला उचलून टोपलीत टाकले. "घरात तीन तांबे हायेत, एक देवाला," ते म्हणाले. मंजुळाबाई शेतात गेली होती. घरी आल्यावर तिने फळीवरची रिकामी जागा पाहिली आणि ती काही बोलली नाही. तेव्हा बायका बोलत नसत. तिने चार शब्द बोलायला हवे होते असे मला फार वाटले.

देवळात माझे आयुष्य काही वाईट गेले नाही. भजनी मंडळाची तहान मी भागवली, लग्नांच्या पंगतींत मिरवलो, निवडणुकीच्या सभांत पुढाऱ्यांच्या शेजारी बसलो. बोलणारा मुद्दा विसरला की पाणी पितो, हे मी शंभर सभांत पाहिले आहे. "या तांब्यातलं पानी लई ग्वाड," असे लोक म्हणत. एरवी वर्षवर्ष मी कोठीत काळवंडून पडे. वर्षातून एकदा बायका चिंच आणि राख घेऊन भांडी घासायला येत. मंजुळाबाई येई, आणि ढिगातून नेमकी मलाच उचले.

आणि मग गावात यशवंतराव गुरुजी आले. साताऱ्याकडचे माणूस, चौकस एक नंबर. शाळेत रुजू झाल्या दिवशीच त्यांनी विचारले, "गावाला कुरुळी हे नाव कशावरून पडलं?" कोणालाच सांगता येईना. गुरुजींनी कपाळाला हात लावला आणि इतिहासाची व्याख्याने सुरू केली. पिंपरीच्या कारखान्यात जाणाऱ्यांना सुट्टी असे म्हणून महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चार वाजता, देवळापुढच्या पटांगणात. पुरुष सतरंजीवर, बायका पाराच्या कडेला आणि मी टेबलावर, डोक्यावर फुलपात्र घेऊन.

दुसऱ्या व्याख्यानाला पुण्याहून नानासाहेब आले. इतिहासाचे मोठे अभ्यासक; जुने काही दिसले की चष्मा पुसायचे. बोलता बोलता त्यांनी फुलपात्र काढून पाणी ओतायला मला उचलले आणि ओतण्याआधीच थांबले. चष्मा पुसला.

"गोदी! मंडळी, यावर 'गोदी' असं कोरलंय! गोदी म्हणजे जिथे जहाजं लागतात ती. हा तांब्या मुंबईच्या गोदीतला आहे. कुणाच्या घरचा हा?"

"आमच्या घरचा," रंगराव छाती पुढे काढून म्हणाले. "मीच दिला व्हता देवाला."

"मग तुमच्या घराण्यात कुणीतरी दर्यावर्दी होता!"

मित्रांनो, क्षणभर मलाही वाटले की आपण समुद्र पाहिला असावा. एवढ्या विद्वान माणसाने सांगितल्यावर तांब्याची काय कथा! रंगरावांना लगेच आठवले की त्यांचे एक चुलते कधीतरी मुंबईला गेले होते. दुसऱ्या दिवशीपर्यंत ते चुलते जहाजावर चढले होते आणि आठवड्याभरात त्यांनी वादळातून जहाज बाहेर काढले होते. सगळ्या गावाला समुद्राचा वारा लागला. पुढच्या व्याख्यानाच्या वेळी रंगरावांचा सत्कार करायचा आणि मला पुण्याच्या संग्रहालयात पाठवायचे, असे ठरले. पाराच्या कडेला मंजुळाबाई पदर दातांत धरून बसली होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मला शाळेच्या कपाटात ठेवले, शेजारी संग्रहालयासाठी लिहिलेली चिठ्ठी. एक दिवस मंजुळाबाई शाळेच्या ओटीवर आली.

"गुर्जी, तांब्याच्या चिठ्ठीवर काय लिवलंय?"

गुरुजींनी कौतुकाने वाचून दाखवले, "मुंबईच्या गोदीतील तांब्या. कुरुळीच्या दर्यावर्दी घराण्याकडून भेट."

"पुन्याला गेला, की परत येत न्हाई का?"

"नाही हो. पण तिथे कायमचा जपला जाईल. शंभर वर्षांनी आलेला माणूससुद्धा ही चिठ्ठी वाचेल."

शंभर वर्षे! तिचे नाव जगात कुठे उरले असेल तर ते माझ्यावर, आणि आता त्या नावाला शंभर वर्षे जहाजाचा धक्का म्हणणार होते. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते. खरे बोलावे तर भर सभेत नवऱ्याचा फेटा उतरणार होता. मी काय करणार? तांब्याला तोंड असते, पण बोलता येत नाही. ती तशीच घरी गेली.

तो रविवार उजाडला. रंगराव नवा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते. शाल होती, नारळ होता. नानासाहेबांनी चिठ्ठीचा दोरा माझ्या गळ्यात अडकवायला घेतला, आणि पाराच्या कडेने आवाज आला.

"थांबा."

सगळ्यांच्या माना वळल्या. मंजुळाबाई उभी राहिली होती.

"अगं, खाली बस," रंगराव म्हणाले. "हितं मानसांचं बोलनं चाललंय."

"बोलनं माज्या तांब्याचं चाललंय," ती म्हणाली. "त्यो बोटीवरचा न्हाई. माज्या बापानं लग्नात दिलाय. गोदी म्हंजी मी."

नानासाहेबांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई. ही दोनच अक्षरं येत्यात."

ती खाली बसली. एक काटकी उचलून तिने धुळीत सावकाश 'गो' काढला, मग 'दी' काढली. आयुष्यभर कागदावर अंगठा उठवणाऱ्या त्या बाईचा हात तेव्हा कुठेच अडला नाही. वेलांटी पुरी झाल्यावर तिने तिच्या शेंड्यावर एक आडवी रेघ मारली.

गुरुजींनी मला उचलले. माझ्याकडे पाहिले, धुळीकडे पाहिले, परत माझ्याकडे पाहिले. "बाई, ही रेघ कशाची?"

"ती हायेच की माज्या नावात," मंजुळाबाई म्हणाली.

मित्रांनो, चाकणच्या त्या कारागिराचा हात हलला नसता तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवला असता की नाही, कोण जाणे! त्या रेघेची मला आयुष्यभर लाज वाटत आली होती. त्या दिवसापासून वाटत नाही.

रंगराव खुर्चीवरून वाकून धुळीतल्या अक्षरांकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "साठ वर्सं झाली. मला कसं ठावं न्हाई?"

"तुमी कवा इचारलं न्हाई."

खरेच होते ते. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला बायकांनी तिला नवऱ्याचे नाव घ्यायचा आग्रह केला होता. स्वतःचे नाव घे, असे तिला कोणी म्हटले नव्हते.

रंगराव उठले. फेटा काढतात की रागाने निघून जातात, याचा मला धसका बसला. त्यांनी आपल्या पुढचा नारळ उचलला आणि माझ्याशेजारी टेबलावर ठेवला. "सत्कार हिचा करा," ते म्हणाले. "आमच्यात दर्यावर्दी कोनी न्हाई. आमाला इंद्रायनीत बी पवाय येत न्हाई."

सगळी सभा खो खो हसली. नानासाहेबांनी चिठ्ठी फाडली. "माझं जहाज बुडालं," ते म्हणाले, "पण चांगल्या पाण्यात बुडालं."

हसणे ओसरते आहे तोच पाराच्या कडेने छबूबाई म्हणाली, "माजं नाव तानी व्हतं." तिच्या शेजारची म्हणाली, "मी हौसा. आई हौशी म्हनायची." तिच्या मागून दुर्गाबाईने आपले नाव सांगितले, मग आणखी कोणी. गुरुजी वही मांडीवर घेऊन खालीच बसले. त्यांची पेन्सिल पुरेना. गावाच्या नावाचा उलगडा त्यांना आजवर झालेला नाही, पण त्या दिवशी त्यांच्या वहीत माहेरची एक्केचाळीस नावे आली. गावच्या एकाही दप्तरात ती नव्हती.

मी पुण्याला गेलो नाही. मंजुळाबाईच्या फळीवर, माझ्या जुन्या जागी परत आलो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेवढा टेबलावर जातो.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. घरातली जुनी भांडी मोडीत घालण्याआधी एकदा उलटीसुलटी करून वाचा. आणि घरात आजी असेल तर तिला माहेरचे नाव विचारा. "तुला काय करायचंय?" असे ती म्हणेल. तुम्ही उठू नका, जरा थांबा. मग ती सांगेल, आणि तेव्हा ते नाव एकदा मोठ्याने घ्या.

गेल्या रविवारी सभा संपल्यावर रंगरावांनी घेतले. पटांगणाच्या टोकाला काठी टेकून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत हाक मारली, "गोदे, चल घरला."

ती लगेच उठली नाही. मला मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. आणखी एकदा हाक येते का, ते ती ऐकत होती.