धर्माचा तास

सासूबाईंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून “नमो तस्स...” म्हटलं, तशी माझी लेक साक्षी माझ्या शेजारून हळूच उठून बाहेर गेली. आजही.

“वंदनेच्याच टायमाले पसार व्हते पोरगी. मांजरीवानी!” त्या मध्येच थांबून म्हणाल्या.

“शू लागली असेल,” मी म्हटलं. कालही हेच म्हटलं होतं.

सुट्टीसाठी मस्कतहून सासरी, बोथ गावी आल्यापासून हे चाललंय. हर्षदीप, माझा नवरा, म्हणतो, “उगाच काळजी करतेस. परवा विमान आहे, बॅगा भर.”

मी तिच्या मागे दारापर्यंत गेले. साक्षी पायरीवर बसली होती. गुडघे पोटाशी, चपला पायांखाली दाबलेल्या. मामाजी, माझे सासरे, बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आले ते तिच्यापाशीच थांबले.

“इथं काऊन बसली, बाई?”

“आत धर्माचा तास सुरू झाला ना, आबा.”

“मंग?”

“शाळेत त्या तासाला सगळे आपापल्या वर्गात जातात. माझ्या धर्माचा वर्गच नाहीये. मी बाहेर व्हरांड्यात बसते.”

प्रवेशाच्या वेळी मस्कतच्या शाळेने कळवलं होतं, तुमच्या मुलीची वेगळी सोय केली आहे. सोय म्हणजे व्हरांडा, हे मला आत्ता, सासरच्या दारात कळत होतं.

“अन् पाय असे काऊन आखडले?”

“जाणाऱ्या-येणाऱ्याला लागू नयेत म्हणून. मॅम सांगतात.”

मामाजींनी पिशवी खाली ठेवली. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, पण स्वतः शिकले त्या शाळेचं नाव कधी काढत नाही. लहानपणी त्यांना जातीवरून वर्गाच्या दाराबाहेर बसवत, एवढं मला हर्षदीपकडून कळलेलं. ते सावकाश साक्षीशेजारी टेकले.

“मामाजी,” मी विचारलं, “परवा हिला परत न्यायचं?”



“पाय लांब कर, बाई,” ते साक्षीला म्हणाले. “आपलंच आंगण हाय. कोणाले लागत नाही.”

साक्षीने त्यांना निरखून पाहिलं. “मग तुम्ही का नाही केले?”

मामाजींनी खाली पाहिलं. त्यांचेही गुडघे पोटाशी आले होते. चपला पायांखाली दाबलेल्या होत्या.

आत वंदना चालू होती. अंगणात दुसरं कुणीच नव्हतं.