चौथ्या ठोक्यावर

कीर्तनाला 'जा' या एका अक्षराची भीती वाटायला लागली, तोवर ते ज्या गाण्यात होतं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि चेन्नईतल्या काळे कपडे घालून हिंडणाऱ्या झाडून सगळ्या पोरांना ते तोंडपाठ झालं होतं.

'सावट' हा बँड म्हणजे दोनच माणसं. कीर्तना गायची, अथर्व सिंथेसायझर वाजवायचा. ती वेस्ट मांबलमची, तंजावरकडच्या मराठी घरातली, बँकेत नोकरीला. तो साताऱ्याचा, चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दरवाजांच्या बिजागऱ्या तपासणारा. चाळीस वर्षांपूर्वीचे परदेशी उदास बँड त्याला पाठ, तिला देव्हाऱ्यापुढची तंजावरी पदं. तो कारखान्यातल्या प्रेसचा ठोका फोनवर भरून आणायचा आणि ती त्यावर ती पदं अशा खालच्या सुरात म्हणायची की देवानंही दचकावं. असल्या खिचडीला कोण विचारणार, असं सगळेच म्हणाले. पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली चार हॉटेलची. मग 'जाऊन' हे गाणं आलं.

ते झालं असं. कीर्तनाची अम्मा कनका शाळेत शिकवायची. एका सकाळी अथर्व त्यांच्या हॉलमध्ये माइक लावून बसला होता, आणि अम्मा चपला घालता घालता म्हणाली, "जाऊन येतें." घरातून निघताना नुसतं 'जाते' म्हणू नये, हे साताऱ्यातही ठाऊक आणि तंजावरातही. पण अथर्वला चार ठोक्यांचा तुकडा हवा होता. त्यानं 'येतें' कापलं. तीन ठोके अम्माचं लांबवलेलं 'जाऊन', आणि चौथ्यावर कीर्तनाचं 'जा'. एवढंच, पुन्हा पुन्हा. उरलेलं रेकॉर्डिंग त्यानं पुसून टाकलं, जागा अडवत होतं म्हणे.

अम्मानं ते ऐकलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अर्धंच कां ठेवलास? जाऊन काय? अस्की, पुरं सांगाव कीं."

"काकू, तीच तर गंमत आहे," अथर्व हसून म्हणाला. "माणूस परत येतो की नाही, ते कळतच नाही."

"आम्हांस कळाव लागते," अम्मा म्हणाली, आणि त्याच्यासाठी काफी आणायला आत गेली.

यंदा अम्माच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गाठ अवघड जागी आहे, आवाज जाण्याची शक्यता आहे आणि जिवालाही धोका आहे. ऑपरेशन गुरुवारी ठरलं. अम्मा रडली नाही, नवसही बोलली नाही. तिनं लेकीकडे एकच गोष्ट मागितली.

"रविवारीं तुझं गाणं अहे नव्हे? तेव्हां ते पुरं कर. माझ्या 'जाऊन'मागून 'येतें' म्हण. सुम्मा, उगीच एकदां."

"सेरी, अम्मा," कीर्तनानं कबूल केलं.

अथर्वला तिनं ते सांगितलं. वाईट माणूस नव्हे तो, पण गाण्यापुढे त्याला माणूस दिसत नसे. "चौथ्या ठोक्यावर लोक 'जा'ची वाट बघतात," तो म्हणाला. "आणि तुझा यावर विश्वास तरी आहे का?" नव्हता. म्हणून तर वचन इतक्या सहज दिलं होतं, बोलायला काय लागतं? तरीही ती म्हणाली, मी म्हणणार.

रविवारी तीनशे माणसं जमली होती. प्रेसचा ठोका सुरू झाला आणि अम्माचा आवाज आला, गाठ नसतानाचा, स्वच्छ. कीर्तनानं 'येतें' अगदी जिभेच्या टोकावर आणून ठेवलं. चौथा ठोका पडला आणि तीनशे तोंडं एकदम म्हणाली, "जा." तिच्याही तोंडून तेच निघालं. आता पुढच्या वेळी म्हणू, असं करता करता ते बत्तीस वेळा झालं आणि गाणं संपलं. लोक नाचत होते. तीनशे माणसांनी मिळून आपल्या आईला घालवून दिलं, असं तिला वाटलं.

घरी अम्मा जागीच होती. "म्हटलीस नव्हे?"

"म्हटलं," कीर्तना म्हणाली. आईच्या समाधानासाठी सांगितलेलं खोटं पाप नसतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

गुरुवारी सकाळी ट्रॉली ऑपरेशन थिएटरकडे निघाली. कीर्तना अम्माचा हात धरून बाजूनं चालत होती. फरशीच्या प्रत्येक सांध्यावर चाकं वाजत होती, ठक, ठक, ठक. दोन वर्षं ज्या ठोक्यावर ती उभी राहिली होती तसाच तो ठोका होता, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. ती फक्त अम्माकडे बघत होती. दार उघडलं. नर्सनं कीर्तनाला थांबायची खूण केली.

अम्मानं मान वळवली. "जाऊन," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि गाठीमुळे आवंढा गिळायला थांबली.

ठक.

"जा," कीर्तना म्हणाली.

शब्द तोंडातून गेला तेव्हा कुठे तिला तो ऐकू आला. अम्मा रागावली नाही. शाळेत हुशार मुलीचं उत्तर चुकलं की बघायची, तसं तिनं लेकीकडे बघितलं.

"रविवारींही म्हटलीस नाहींस, नव्हे?" ती हळूच म्हणाली.

ट्रॉली आत गेली आणि दार मिटलं. 'येतें' म्हणायचं दोघींचंही राहून गेलं.