कच्ची साक्ष

माझी जानी बरी झाली, ही बातमी मला तलासरीच्या मांडवात एका अनोळखी बाईच्या तोंडून कळली. तोवर जानीला जाऊन आठ महिने झाले होते.

बाई माइक दोन्ही हातांत धरून बोलत होती. "रानशेतची एक पोरगी हाय, जानी नावाची. सिकलसेलनं तिची हाडं एवढी दुखायची का पोर चादर चावायची. मंडळीनं तीन दिवस उपास धरला, आन् चौथ्या दिवशी ती उठून बसली, भाकर मागून खाल्ली. आज ती नर्सिंगला शिकते." मांडवातले दोन-तीनशे लोक "हालेलुया" म्हणाले. टाळ्या पडल्या. नर्सिंगचं तर मलाही नवीन होतं. म्हणजे मेल्यावरही माझी पोर वर्गात जात होती.

मुळात मी इथे यायला तयारच नव्हते. नाताळाआधीचा हा मेळावा दरवर्षी असतो, आणि यंदा मला कुठल्याच मांडवात बसायचं नव्हतं. पण आमच्या पाड्यावरची बुधीबाई दारात येऊन बसली. सत्तरी ओलांडलेली, पाड्यात सगळ्यात आधी येशूला मानलेली बाई. म्हणाली, "गुडघे धरतात. मला गाडीतून एकटीला उतरता येत नाय." परवापर्यंत ती शेवग्याच्या झाडावरून एकटी उतरत होती. पण तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी आले.

साक्ष म्हणजे काय ते सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी कुणीतरी उभं राहतं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगतं. आधी दुखणं, मग प्रार्थना, मग बरं होणं, शेवटी टाळ्या. तीच साक्ष मग पाहुण्यांबरोबर दुसऱ्या पाड्यावर जाते, तिथून तिसऱ्या. हल्ली मोबाइलवरही फिरते. साक्ष द्यायची रीत आहे. ती मागे घ्यायची रीत मात्र कुणी घातलेली नाही.

मार्चअखेर जानीची दहावीची परीक्षा संपली आणि एप्रिलच्या सुरुवातीला दुखणं उसळलं. दवाखान्यातून घरी आणलं, मंडळीने उपास धरला, आणि खरंच एका सकाळी तिने उठून भाकर खाल्ली. त्याच रविवारी आमचा पास्टर जिग्नेश पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, जानी पूर्ण बरी झाली. जिग्नेश तिशीतला, आठवडाभर इको गाडी चालवतो आणि रविवारी प्रवचन करतो. मनाने वाईट नाही, फक्त घाई फार. कुणीतरी त्याचं बोलणं मोबाइलमध्ये घेतलं. टाळ्या मीही वाजवल्या. ते लपवत नाही.

अकरा दिवसांनी जानी गेली.

मी गोविंदरावांच्या वाडीत चिकू काढायला जाते. कच्चा चिकू आणि तयार चिकू वरून सारखेच दिसतात. नखाने साल जरा खरवडायची, खाली हिरवं दिसलं तर फळ झाडावरच राहू द्यायचं. कच्चा काढलेला मग कितीही दिवस पेंढ्यात ठेवा, गोड होत नाही. वीस वर्षं हे काम करते मी. आणि माझ्याच पोरीची साक्ष कच्ची काढली गेली तेव्हा मी टाळ्या वाजवत बसले होते.

नंतर सगळे आले. देवाची योजना असते म्हणाले. मंडळीतली दक्षा म्हणाली, विश्वास कुठंतरी कमी पडला असंल. तिच्यासाठी ठेवलेला चहा मी चुलीवरून उतरवला आणि तिला ऊठ म्हणाले. माझा नवरा भीमा वरोरला बोटीवर खलाशी आहे, तो मंडळीत येत नाही. तो एवढंच म्हणाला, "तुझा देव. तू बघ." मे महिन्याच्या शेवटी निकाल लागला. जानी पास झाली होती, अठ्ठावन्न टक्के. त्या दिवसापासून मी शेडकडे फिरकले नाही. प्रार्थनेला बसले की येशूने शिकवलेली ती प्रभूची प्रार्थना अर्ध्यावर येऊन अडायची. का अडायची ते मला माहीत होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला देवाचा राग होता आणि त्याच्याशिवाय तो राग काढायला दुसरं कुणी नव्हतं, ही माझी पंचाईत.

तर मांडवात टाळ्या चालू होत्या आणि मी उठले. बुधीबाईने माझा पदर धरला, मी सोडवला. पुढे जाऊन त्या बाईच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "जानी माझी मुलगी. ती एप्रिलमध्ये मेली."

टाळ्या एकदम नाही थांबल्या. मागच्यांना ऐकूच गेलं नव्हतं, ते वाजवतच राहिले. कीबोर्डवाला पोरगा मंद सूर वाजवत होता, त्याचेही हात चालूच. मी माइक खुर्चीवर ठेवला आणि मांडवाच्या मागे पाण्याच्या पिंपांपाशी गेले. पिंपाला दोन्ही हात टेकवून उभी राहिले.

जिग्नेश धावत आला. "देवकीबाय, असं नाय करायचं. नवीन लोक आल्यात. त्यांचा विश्वास डळमळंल."

"आन् माझा?"

त्याने मांडवाकडे वळून पाहिलं.

"तू दिलेली साक्ष तू मागं घे," मी म्हणाले. "जिथं दिलीस तिथं, आन् आज इथं. आठ महिने झाले, पोर मेली हे तुझ्या तोंडून एकदापण निघालं नाय. नाय घेतलीस तर मी परत येणार नाय. येशूच्या दारात मी पुन्हा पाय ठेवायचा नाय."

"मी ती परत सांगितली नाय कधी," तो म्हणाला. "ती आपोआप फिरली."

"आपोआप? पाय तूच दिलेस तिला."

तेवढ्यात ती माइकवाली बाई आली. तिच्यामागे बुधीबाई, भरभर चालत. गुडघे वगैरे सगळं विसरून. बाई माझ्याच वयाची असेल, जरा लहान. तिने हात जोडले. "देवकीबेन, मी हिना. इथं उधव्याकडची. मना माहीत नव्हतं. देवाशपथ."

तिच्यावर ओरडायला माझ्याकडे भरपूर होतं, आणि ते ओठांशी आलंही होतं. पण ती पुढे म्हणाली, "माझ्या भाविकेला पण तेच हाय. नऊ वर्षांची हाय. रोज झोपताना म्हणते, आई, जानीताईची गोष्ट सांग."

मी तिच्याकडे नीट पाहिलं.

"गोळ्या चालू हायत ना तिच्या?"

हिनाने मान खाली घातली.

"मी विचारते, गोळ्या चालू हायत का?"

"दोन महिने झाले... मी म्हणलं, जानी बरी झाली तर... गोळी देणं म्हणजे विश्वास नाय असं होईल."

मी जिग्नेशकडे वळले. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं, ही साक्ष फक्त मला सलते आहे. इथे ती एका नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडची गोळी काढून बसली होती, आणि ती साक्ष माझ्या मुलीच्या नावाने चालत होती. मला भयंकर राग आला. आणि त्या रागात मीही होते, कारण ही बाई आठ महिने जिच्यावर जगली ती गोष्ट माझ्याच घरातून निघाली होती.

"आज घरी जाऊन पहिली गोळी दे," मी हिनाला म्हणाले. "प्रार्थना पण कर आन् गोळी पण दे. उद्या दवाखान्यात ने, दोन महिने चुकले ते डॉक्टरला सांग. ऐकलंस?"

तिने मान हलवली. डोळे पुसले. मग अगदी हळू विचारलं, "ती घाबरली होती का? शेवटी?"

हे मला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. योजना सांगणारे पुष्कळ आले, पण माझ्या पोरीला शेवटी कसं वाटलं, हे विचारणारं कुणी नव्हतं.

मी सांगितलं. का सांगितलं, ठाऊक नाही.

छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला सिल्वासाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघालो. गाडी जिग्नेशचीच. भर दुपार, चारोटीहून हायवेला लागलो आणि तलासरीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली. जानीचं डोकं माझ्या मांडीवर. ती प्रभूची प्रार्थना म्हणत होती. वसतिगृहात शिकलेली, नेहमी एका दमात संपवायची आणि मी मध्ये चुकले की हसायची. त्या दिवशी एकेक शब्द म्हणत होती. रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत आली आणि दम संपला. म्हणाली, "आई, पुढचं तू म्हण."

"आन् मी जिग्नेशवर ओरडत होते," मी हिनाला म्हणाले. "उलट्या बाजूनं गाडी घाल म्हणत होते. मी तिला म्हणलं, थांब ग जरा. मग खाली बघितलं." तोवर जानी गेली होती. ते गाळून मी म्हणाले, "घाबरली नव्हती. माझ्यापेक्षा शांत होती. तिला फक्त पुढची ओळ पायजे होती."

जिग्नेश पिंपाआड तोंड करून उभा होता. त्याने ते सगळं ऐकलं होतं, त्याही दिवशी, पुढच्या सीटवरून. आठ महिने आम्ही दोघं एकच गोष्ट उराशी धरून एकमेकांना टाळत होतो.

बुधीबाई पिंपाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मग म्हण की आता. पोर केवढी थांबलीय."

पुढची ओळ क्षमेची आहे. आमचा ज्यांनी अपराध केला त्यांना आम्ही सोडलं, तसं तू आम्हाला सोड, अशा अर्थाची. ती मला पाठ होती, म्हणूनच आठ महिने तोंडातून निघत नव्हती. आणि समोर जिग्नेश उभा. देवाने माणसाची सोय पाहून ओळी लावलेल्या नाहीत, एवढं नक्की.

मी म्हटली. प्रेमाने नाही म्हटली, दात आवळून म्हटली. हिना माझ्याबरोबर म्हणत होती, बुधीबाई आमच्या मागे एक शब्द उशिरा. क्षमेपाशी मी अडखळले. "थांब ग जरा" म्हणणारी मीही त्याच ओळीत होते, आणि जानीने मला कधीच सोडून दिलं असणार, हे मला तिथे, त्या पिंपांपाशी, पहिल्यांदा कळलं. प्रार्थना शेवटपर्यंत गेली.

हलकं वाटलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की लोक लगेच टाळ्या वाजवतात. पण आठ महिने मी रोज त्या गाडीत एकटी बसत होते, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. मी ओरडत होते तेव्हा जानी कुणाशीतरी बोलत होती, आणि ज्याच्याशी बोलत होती तो तिथे होता. मी पाठ फिरवली होती, त्याने नाही. एवढं मला मिळालं, आणि ते मला पुरेसं जड होतं.

मग जिग्नेश मांडवात गेला. मी बाहेरूनच ऐकलं. प्रास्ताविकच लांबलचक केलं त्याने, जिथे एक वाक्य पुरलं असतं. पण शेवटी ते वाक्य आलं: "जानी बरी झाली असं मी सांगितलं. मी घाई केली. ती अकरा दिवसांनी वारली. कुणी माझ्या सांगण्यावरून औषध बंद केलं असंल तर आजच चालू करा." या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मागे बसलेल्या दोन बाया उठून घाईघाईने बाहेर आल्या आणि हिनाला विचारू लागल्या, गोळ्या कुठं मिळतात. म्हणजे भाविका एकटी नव्हती.

परत त्याच इकोतून आलो. बुधीबाई पुढे बसली, उतरताना कुणाचीही मदत न घेता उतरली. हायवेवर ती जागा आली तेव्हा जिग्नेशने गाडी हळू केली. भीमाला रविवारी सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "पुढची ओळ काय हाय ती?" मी सांगितली. तो म्हणाला, अवघड हाय.

अवघडच आहे. रोज सकाळी वाडीत जायच्या आधी म्हणते आणि रोज तिथेच अडखळते. जिग्नेश आठवतो, दक्षा आठवते, ट्रक आठवतात, राग येतो. पण भाकरीपर्यंत मी आता म्हणतच नाही. तेवढं जानीने म्हणून ठेवलंय. मी पुढून सुरू करते.