पोलादी तारेचा दम

कुंपणाची तार कापली गेल्यावर सगळ्यात आधी अक्कल पाजळली ती गोदामाच्या मालकाने. "तुमच्या तारेत दमच नाही," म्हणे. ज्याला ॲल्युमिनियम आणि पोलाद यातला फरक कळत नाही, त्याने दमाच्या गोष्टी कराव्यात!

वीस वर्षं मी विजेची कुंपणं बसवतोय. कापलेलं टोक त्याच्या नाकासमोर धरलं. "वाकवून बघा, साहेब." त्याला ती वाकेना. "घरगुती पकडीला ही दाद देत नाही. चोरांनी मोठा कटर आणला असणार. आणि कापली म्हणून काय झालं? पेटीतून गेलेली वीज कुंपणभर फिरून परत आली नाही की भोंगा बोंबलतो."

"मग बोंबलला का नाही?"

"रखवालदाराला विचारा. पेटी बंद करून झोपले असतील."

रखवालदार म्हणजे माझे सासरे. बायकोने भुणभुण लावली म्हणून मीच त्यांना इथे चिकटवलं होतं. फाटकाजवळच्या खोलीत सासूबाईंसोबत राहायचे. कुणीही यावं आणि टपली मारून जावं असा माणूस. अशा माणसांचा मला संताप येतो.

"तसं असेल तर आजच्या आज खोली रिकामी करायची," मालक म्हणाला.

पेटी जिन्याखाली होती. सासऱ्यांनी बॅटरी धरली, मी तोऱ्यात झाकण उघडलं. आत लाल वायरचा एक तुकडा, वीज बाहेर जाते तिथून परत येते तिथपर्यंत थेट जोडलेला. कुंपण कापा नाहीतर उपटून न्या, पेटीच्या लेखी सगळं आलबेल. मागच्या महिन्यात दुरुस्ती करताना भोंगा कानाशी कोकलू नये म्हणून तो मीच लावला होता. काढायचा राहिला. तेव्हाही बॅटरी सासऱ्यांनीच धरली होती.

"काय सापडलं?" मालकाने माझ्या पाठीमागून विचारलं.

सासऱ्यांनी तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बॅटरी विझवली.

"साहेब, पेटी मीच बंद केली होती. तारेला पानं लागून भोंगा सारखा बोंबलायचा. सकाळी परत लावली."

एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी तुकडा उपटून मुठीत दाबला आणि झाकण लावलं. थू माझ्या जिंदगीवर.

दुपारी त्यांची ट्रंक मी टेम्पोत चढवत होतो. सासरे लगबगीने दुसरी कडी धरायला आले.

"सावकाश, जावईबापू," म्हणाले, "हाताला लागेल."