चौतीस नावं

डेट्रॉइटच्या विमानतळावरच्या त्या बंद खोलीत गिरिजाची बोबडी वळायचीच काय ती बाकी होती. तिच्या नवऱ्याला, कबीरला, अर्ध्या तासापूर्वी शेजारच्या खोलीत नेलं होतं. ती गेल्याच वर्षी अमेरिकन सिटिझन झाली. तो अजून वर्क व्हिसावर. त्याला आत घेतलं नाही तर पुढच्या विमानानं परत धाडणार. मग डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातलं घर, त्याची नोकरी, सगळ्यावर पाणी.

"मशिदीत तो पाऊण तास काय करत होता?" ट्युनिशियाच्या सहलीचा तासातासाचा हिशेब घेऊन झाल्यावर समोरच्या इमिग्रेशन ऑफिसरनं विचारलं.

आता काय सांगणार, कप्पाळ! ट्युनिशियातलं कैरुआन, तिथली तेराशे वर्षांपूर्वीची मोठी मशीद. अंगणात कुणीही जावं, पण नमाजाच्या दालनात फक्त मुसलमानांनी. गिरिजा पडली जोशांची लेक, दाराशी खांब मोजत उभी राहिली. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला कबीर पाऊण तासानं उगवला, तेव्हा तिनं त्याला झापलं होतं, "झोपलास की काय यार?" काय करत होतास, हे विचारलंच नाही.

"प्रार्थना," ती कशीबशी म्हणाली.

ऑफिसरनं कबीरच्या बॅगेत सापडलेले दोन कागद पुढे सरकवले. कबीरच्या अक्षरात, मराठीत, ओळीनं चौतीस नावं, नावापुढे काहीबाही खरडलेलं, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण!

तिला लगेच उमगलं. कुणी अशा ठिकाणी निघालं की कबीरच्या दापोलीचा अख्खा मोहल्ला आपापलं मागणं सोबत देतो. तिथं नाव घेऊन दुआ करायची. सासूबाईंनी फोनवर नावं सांगितली असणार, आणि या शहाण्यानं एकेक दुआ झाली की खूण केली. ऑफिसातली सवय, दुसरं काय! अरे, कागद तिथंच फाडायला काय झालं होतं?

"इंग्रजीत सांगा. तोही तिकडे सांगतोय. जुळलं पाहिजे."

"शरीफाखाला, गुडघे. साजिद, नोकरी. शेजारचे विष्णूकाका, मुलीचं लग्न. हमीद, ऑपरेशन..."

ऑफिसरचं पेन थांबलं. "कसलं ऑपरेशन?"

"डोळ्याचं, सर! मोतीबिंदू!" सत्तरीच्या हमीदचाचांना तिनं लग्नात एकदाच पाहिलं होतं. तिकडे कबीर हेच सांगत असेल ना?

वाचता वाचता ती चौतिसाव्या ओळीवर आली.

'गिरिजा. येताना मला अडवलं, तरी तिला घरी जाऊ दे.'

पुढे खूण.

म्हणजे आठवडाभर हसत-खिदळत हिंडणारा हा माणूस मनातून इतका घाबरलेला होता.

"शेवटचं कोण?"

"मी," ती म्हणाली. "घरी नीट पोचावी म्हणून."

ऑफिसर शेजारी जाऊन आला आणि त्यानं तिचा पासपोर्ट टेबलावर ठेवला. "तुमचं झालं, मॅडम. तुम्ही घरी जा. त्याचं आज काही सांगता येत नाही."

गिरिजा उठलीच नाही. तिनं दोन्ही कागद पुन्हा ओढले आणि वरपासून खालपर्यंत, पाठपोट, बोट ठेवून तपासले. मेल्यानं चौतीस जणांसाठी मागितलं होतं. कबीर हे नाव त्यात कुठंच नव्हतं.