वजनाचा रकाना

नवा रोलर कोस्टर उभा राहायला चौदा महिने लागले, आणि त्या चौदा महिन्यांत पार्कच्या ऑफिसातली एकही फाईल वेळेवर पुढे सरकली नाही. खिडकीबाहेर रोज लोखंडाचा एखादा नवा वळसा वाढलेला दिसे. हेडक्लार्क रोज सकाळी खुर्चीत बसण्याआधी खिडकीशी जात आणि तो आपणच उभारल्यासारखा मान तिरकी करून बघत. माणसं बसवून पहिली चाचणी स्टाफवरच होणार असं कळल्यावर त्यांनी चोवीस जणांच्या यादीत स्वतःचं नाव पहिलं घातलं. यादी करायचं काम त्यांच्याकडेच होतं.

चाचणी घ्यायला कंपनीने पाठवलेली इंजिनियर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिने हेडक्लार्कांच्या हातात एक कोरा तक्ता ठेवला : नाव, हुद्दा, वजन.

"काका, ही गाडी साखळीने वर चढत नाही. खालून एकदाच जोरात ढकलायची, की थेट टेकाडापलीकडे. जोर किती लावायचा ते वजनावर ठरतं, आणि पहिली फेरी म्हणून मी तो बेताचाच ठेवणार आहे. तेव्हा प्रत्येकाला काट्यावर उभं करा. खाली सही करा, पडताळून पाहिलं म्हणून."

"बत्तीस वर्षं सह्याच करतोय, बाळ," हेडक्लार्क म्हणाले.

काटा गोदामात होता आणि गोदाम पार्कच्या दुसऱ्या टोकाला. हेडक्लार्क तक्ता घेऊन टेबलाटेबलावर फिरले.

"बासष्ट लिहा," तिकीट खिडकीवरच्या बाई म्हणाल्या.

"बासष्ट?"

"तुम्हाला लिहायचंय की भांडायचंय?"

त्यांनी लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी आधी दार लोटून घेतलं, मग "पंच्याहत्तर" असं सांगितलं. त्यांची खुर्ची त्या वर्षात दोनदा बदलून झाली होती, पण तो विषय फर्निचरच्या फाईलमधला होता. सरतेशेवटी हेडक्लार्कांनी स्वतःच्या नावापुढे चौऱ्याहत्तर घातलं. आकडा अगदीच खोटा नव्हता, एके काळी होता तो. घरीही ते हाच सांगत. "चौऱ्याहत्तर? मग शर्टाची बटणं काय माझ्या हौसेने तुटतात?" असं बायको विचारायची. तिच्या हातात तक्ता नव्हता. त्यांनी खाली झोकात सही ठोकली.

चाचणीच्या दिवशी सगळे नटूनथटून आले. पोटावरचा दांडा बसेना, तेव्हा मुलगी वाकून म्हणाली, "काका, श्वास सोडा जरा." त्यांनी सोडला. दांडा खटकन बसला. मुलगी नियंत्रणाच्या केबिनमध्ये गेली, घंटा झाली, आणि पुढच्याच क्षणी पोट स्टेशनातच राहिलं आणि उरलेले हेडक्लार्क पुढे गेले. गाल कानांना भेटायला निघाले. मग चढ आला, समोर नुसतं आभाळ. चौदा महिने ज्याची वाट बघितली ते हेच, असं मनात येतंय तोवर गाडी दमल्यासारखी मंदावली आणि माथा हातभर राहिलेला असताना थांबली. कोणी ओरडलं नाही. तिकीटवाल्या बाई तेवढ्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आता?"

आता गाडी उलटी निघाली. ब्रेक लागले, गाडी हळूच स्टेशनात परत आली. कोणाला खरचटलंही नव्हतं. मॅनेजरसाहेबांचा आवाज मात्र चढला.

"साधं गणित येत नाही, आणि निघाल्या माणसांना आभाळात पाठवायला!"

मुलगी पांढरीफटक पडली होती. "सर, आकडे तीनदा तपासले मी. पण... माझंच चुकलं असेल. दुसरं काय असणार?"

"तुमच्या कंपनीला फोन लावतो. म्हणावं, दुसरं कोणी पाठवा. जरा पोक्त."

बाकीचे सगळे आपापले पाय न्याहाळत होते. चोरी प्रत्येकाची होती, सही एकाचीच होती. ती सही मुलीच्या हातातल्या तक्त्यावर हेडक्लार्कांना दिसत होती. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मुलगी तरुण आहे, हुशार आहे, तिला दुसरी नोकरी कुठेही लागेल. हा विचार इतका झटकन, जणू टाईप होऊन, शिक्का बसूनच आला, की त्यांचं त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, फोन ठेवा," ते म्हणाले. "तक्ता खोटा आहे. मी कोणालाच काट्यावर उभं केलं नाही. जो जे म्हणाला ते लिहिलं."

"म्हणजे आपले लोक खोटं बोलले?" एवढं विचारताना साहेबांना स्वतःचा पंच्याहत्तर आठवला असावा. आवाज तिथेच बसला.

"लोकांचं लोक बघतील. मी चौऱ्याहत्तर लिहिलंय. आहे त्र्याण्णव."

मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच खोकलं.

मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. दोन शब्द तिने सुनावले असते, चार यांनी ऐकून घेतले असते, हिशोब मिटला असता. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "काका, खाली तुमची सही होती म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

मग तिने काटा मागवला आणि एकेकाला स्वतः उभं केलं. तिकीटवाल्या बाई चपला काढून चढल्या, तरी फार फरक पडला नाही. साहेब सगळ्यांना पाठमोरं व्हायला सांगून चढले. हेडक्लार्क पुढे होत म्हणाले, "माझं सांगितलंय मी. त्र्याण्णव."

"हो काका. चढा."

ते चढले. त्र्याण्णवच भरलं. तिने आकडा लिहिला, त्यांच्याकडे न बघता "पुढचे" म्हणाली, आणि तक्त्याखाली स्वतःच सही केली.

दुपारी गाडी पहिल्याच झटक्यात टेकाडापलीकडे गेली. सगळे जीव खाऊन ओरडले. हेडक्लार्कांच्याही गळ्याशी ओरडणं आलं होतं. पण आज तेवढा आपला हक्क नाही असं वाटून ते तोंड घट्ट मिटून सबंध उतार उतरले.